जॉनचे वडील कोण, याच्या आधी हा जॉन नेमका कोणता ते ठरवावं लागेल

ताई, तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही उलटंसुलटं समजले असेन तर लगेच सांगता येईल. तुमच्या सासूबाईंचे पणजोबा, म्हणजे तुमच्या मिस्टरांचे खापरपणजोबा, नाव जॉन, आणि आडनाव असं की अमेरिकेच्या मिडवेस्टच्या कुठल्याही काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) त्या नावाचे चार-पाच जण सहज निघतील. १८६० च्या सेन्ससमध्ये (जनगणनेत) ते आयोवा राज्यातल्या सीडर काउंटीत आहेत, वय २७, जन्म ओहायो, बायको आणि दोन मुलं, मोठं चार वर्षांचं ओहायोत जन्मलेलं, धाकटं एक वर्षाचं आयोवात. १८७० मध्ये त्याच माणसाचा जन्म पेनसिल्व्हेनिया लिहिलाय, १८८० मध्ये परत ओहायो, आणि आई-वडील दोघं पेनसिल्व्हेनियाचे. थडग्यावर मृत्यूचं साल १८९१, बायको १९०८ मध्ये गेली. घरात सांगतात की जॉनचे वडील जर्मनीहून आले, एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, आडनाव बदललं, आणि जॉन स्वतः सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात, लढले. एन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर लोकांनी बनवलेल्या वंशवृक्षांमध्ये जॉनला तीन वेगवेगळे वडील दिलेत आणि तुम्हाला हवंय की त्यातला खरा कोणता.

मी इलिनॉयमध्ये लोकांचे पूर्वज शोधून द्यायचं काम करते, बरीच वर्षं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न याच जातीचा असतो. माझं मत सरळ सांगते. तुमचा खरा प्रश्न "वडील कोण" हा नाहीये अजून. सीडर काउंटीतला हा जॉन आणि ओहायोतला कुठला तरी जॉन हे दोघं एकच आहेत हे कुठल्या कागदावरून म्हणायचं, हा आहे. त्या तीन वडिलांना प्रत्येकी एक जॉन नावाचा मुलगा नक्की असणार, त्यात खोटं काही नाही. पण तो मुलगा आयोवाला गेला हे कुठे लिहिलंय? तेवढा एक दुवा नसतो आणि लोक नाव आणि वय जुळलं की सुतावरून स्वर्ग गाठतात, मग पुढचा माणूस त्यांचा वंशवृक्ष कॉपी करतो, त्याच्यावरून तिसरा, आणि बघणाऱ्याला वाटतं बारा जण म्हणतायत म्हणजे खरंच असेल.

म्हणून नावाने शोधणं थोडे दिवस पूर्ण बंद करा. १८५० मध्ये ओहायोची लोकसंख्या जवळजवळ २० लाख होती, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या खालोखाल तिसरं मोठं राज्य. त्यात सतरा वर्षांचा जॉन शोधून काय हाती लागणार, आणि लागला तरी तो आपलाच कशावरून? त्यापेक्षा जॉनच्या भोवतीची माणसं शोधा. बायकोचं माहेर, भावंडं, शेजारी, जमीन विकणारा, लग्नाचे साक्षीदार, थडग्याच्या बाजूची थडगी. त्या काळात शेतकरी कुटुंबं एकटी क्वचितच निघायची. भाऊ, मेहुणे, जावई, चर्चमधली चार घरं असे जथ्थेच्या जथ्थे ओहायोतल्या एका काउंटीतून उठून आयोवातल्या एका टाउनशिपमध्ये (काउंटीच्या एका छोट्या भागात) जाऊन बसायचे. जॉन हे नाव हजारोंचं असेल पण जॉन आणि त्याच्या बाजूच्या सहा घरांची आडनावं एकत्र घेतली तर तो संच ओहायोत एखाद्याच ठिकाणी सापडतो. मी आजवर असे जे प्रश्न सोडवले त्यातले बहुतेक शेजाऱ्यांवरून सुटलेत, त्या माणसाच्या स्वतःच्या कागदावरून फार कमी.

घरातल्या आठवणींचं आधी बघू, कारण त्या टाकून द्यायच्या नसतात पण जशाच्या तशा धरायच्याही नसतात. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं, जॉन तर १८९१ मध्येच वारले, त्यामुळे तो भाग शक्यच नाही. शिवाय तिथले अधिकारी नावं बदलतच नव्हते, जहाज कंपनीने निघतानाच बनवलेल्या याद्यांवरून ते माणसं तपासायचे. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, हळूहळू, आणि कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं लिहून. पण "जर्मन" या आठवणीत तथ्य असू शकतं. १८८० ला आई-वडील पेनसिल्व्हेनियाचे लिहिलेत ना, तर अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन कुटुंबांची नातवंडं-पतवंडंसुद्धा घरात जर्मनच बोलायची, चर्चच्या नोंदीही जर्मनमध्ये. यातली खूप कुटुंबं पुढे ओहायोच्या स्टार्क, वेन, फेअरफील्ड अशा काउंट्यांमध्ये गेली आणि तिथून आयोवा-इंडियानाला. नातवंडांनी आजोबांना जर्मन बोलताना ऐकलं की घरात गोष्ट होते "जर्मनीहून आले". म्हणजे समुद्र ओलांडणारा माणूस जॉनच्या वडिलांच्याही दोन-तीन पिढ्या आधीचा असू शकतो, आणि तसं असेल तर कॅसल गार्डन (एलिस आयलंडच्या आधीचं न्यूयॉर्कचं केंद्र) वगैरे जहाजांच्या याद्यांमध्ये आत्ता वेळ घालवण्यात अर्थ नाही. आडनाव मात्र जुन्या स्पेलिंगनेही शोधा, म्युलरचं मिलर, श्मिटचं स्मिथ, ब्राउनचं जर्मन स्पेलिंग, असं. आणि जर्मन बाप्तिस्म्यात मुलांना बऱ्याचदा दोन नावं असायची, घरातले सगळे भाऊ योहान काहीतरी, आणि हाक मारायची ती दुसऱ्या नावाने, हेही डोक्यात राहू द्या.

आता १८७० ला पेनसिल्व्हेनिया का आलं यावर लोक फार अडकतात. सेन्ससवाला दारात आला तेव्हा माहिती कोणी दिली हे त्या काळात लिहीतच नसत, ते १९४० पासून लिहायला लागले. जॉन शेतात असतील, बायकोने सांगितलं असेल, मोठ्या मुलाने सांगितलं असेल, शेजारणीने सुद्धा. वयात दोन-चार वर्षांचा फरक आणि जन्माच्या राज्यात एखादी चूक ही अगदी नेहमीची गोष्ट. माझी पद्धत अशी की एका सेन्ससवर काही ठरवायचं नाही, सगळे एका खाली एक मांडायचे आणि प्रत्येकाची ताकद वेगळी आहे हे लक्षात ठेवायचं. १८५० च्या आधीच्या सेन्ससमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते वयोगटाचे आकडे. १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं आली, पण नातं लिहिलेलं नाही! ते १८८० पासून आलं, आणि आई-वडिलांचं जन्मस्थानही तेव्हापासूनच. त्यामुळे १८५० ला एखाद्या घरात सतरा वर्षांचा जॉन दिसला तर तो मुलगा असेल, पुतण्या असेल किंवा शेतावर कामाला ठेवलेला पोरगा असेल, सतरा हे नेमकं तेच वय आहे. १८९० चा सेन्सस विसरा, १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये आग लागली त्यात आणि त्यानंतर जवळजवळ सगळा गेला.

मग १९०० चा बघा, जॉन नसतील पण बायको आहे. त्यात जन्माचा महिना आणि साल लिहिलेलं असतं, किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत तेही. तुमच्याकडे असलेल्या मुलांच्या यादीशी तो आकडा जुळतो का बघा, नसेल जुळत तर एखादी लग्न होऊन गेलेली मुलगी तुमच्या नजरेतून सुटली असेल, आणि मी अनुभवाने सांगते, घरची बायबल आणि जुने फोटो अशाच एखाद्या सुटलेल्या मुलीच्या घराण्यात निघतात.

आयोवाबद्दल एक चांगली बातमी. या राज्याने स्वतःचे वेगळे सेन्सस घेतलेत आणि ते फार कामाचे आहेत. १८५६ च्या राज्य सेन्ससमध्ये सगळ्यांची नावं, जन्माचं राज्य आणि आयोवात येऊन किती वर्षं झाली हे सगळं आहे. तुमच्या जॉनचं मोठं मूल साधारण १८५६ ला ओहायोत जन्मलं आणि धाकटं १८५९ ला आयोवात, म्हणजे ते या दोन सालांच्या मध्ये कधीतरी आले, १८५६ ला कदाचित नसतीलच. पण त्याच टाउनशिपमध्ये १८५६ ला त्याच आडनावाचं, ओहायोतून आलेलं कोणी आधीच बसलंय का हे बघा. बऱ्याचदा थोरला भाऊ किंवा बायकोचा बाप आधी जाऊन जागा बघून ठेवायचा आणि बाकीचे दोन वर्षांनी मागून.

आणि १९२५ चा आयोवा सेन्सस! याच्याबद्दल लोकांना माहितीच नसतं. त्यात प्रत्येक माणसाच्या वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, दोघांची जन्मस्थानं आणि त्यांचं लग्न कुठे झालं हे विचारलंय. जॉनचं जे मूल १९२५ पर्यंत आयोवात जिवंत होतं त्याच्या नोंदीत तुम्हाला जॉनच्या बायकोचं माहेरचं आडनाव आणि लग्नाचं ठिकाण मिळण्याची चांगली शक्यता आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जॉनचं एखादं धाकटं भावंड, समजा १८४५ चं, आयोवात ८० वर्षांचं होऊन जिवंत असेल तर त्याच्या नोंदीत थेट जॉनच्या आई-वडिलांची नावं. म्हणून म्हणते भावंडांकडे लक्ष द्या, जॉन गेले १८९१ ला, तेव्हाच्या कागदांमध्ये आई-वडिलांची नावं लिहायची पद्धत फारशी नव्हती, पण जे भाऊ-बहीण १९१५-२० पर्यंत जगले त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं नाव आणि आईचं माहेर असे रकानेच असतात. आईबाप तेच, फक्त कागद दुसऱ्याच्या नावाचा.

बायकोचं माहेर कळलं की लग्न शोधा. पहिलं मूल १८५६ चं म्हणजे लग्न साधारण १८५४-५५, ओहायोत, आणि बहुतेक बायकोच्या माहेरच्या काउंटीत, कारण लायसन्स मुलीकडच्या काउंटीतच काढायचे. ओहायोच्या लग्नांच्या नोंदी फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहेत. नोंदीत वडिलांचं नाव नसेल, पण नवरी अठराच्या आतली किंवा नवरा एकविसाच्या आतला असेल तर पालकांची संमती लागायची आणि ती कधीकधी त्याच पानावर लिहिलेली असते. आणि आता काउंटी कळली! वीस लाखांतून तुम्ही वीस-तीस हजारांवर आलात.

सिव्हिल वॉरचं काय. खरं असेल तर तुमचं निम्मं काम इथेच होईल, म्हणून हे लवकर तपासा. आयोवाने आपल्या सैनिकांचं सहा खंडांचं रोस्टर (नामावली) छापलंय, त्यात वय, राहण्याचं गाव आणि जन्माचं राज्य आहे. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर सैनिकांची यादी फुकट शोधता येते, पण नाव कॉमन आहे तेव्हा नुसतं नाव मिळालं म्हणून खूश होऊ नका, सीडर काउंटीतून भरती झालेली कंपनी (सैन्याची तुकडी) आहे का बघा. मग पेन्शनची इंडेक्स कार्डं बघा, त्यात विधवेचं नाव असतं, ते जुळलं तर माणूस तोच. पेन्शनची फाइल वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असते, कॉपी मागवायला पैसे लागतात आणि वाटही बघावी लागते, पण मी लोकांना सांगते दुसरीकडे कुठे खर्च करू नका, इथे करा. विधवेला पेन्शन हवी तर लग्न सिद्ध करायला लागायचं, मुलांच्या जन्मतारखा द्यायला लागायच्या, आणि कागद नसेल तर ओळखीच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, "मी यांना ओहायोत अमुक ठिकाणी लहानपणापासून ओळखतो, मी यांच्या लग्नाला हजर होतो" असं लिहून देणारी. ही माणसं बहुतेकदा भाऊ, मेहुणे नाहीतर जुने शेजारी. एका फाइलमध्ये तुम्हाला अख्खं गणगोत मिळू शकतं. १८९० ला सैनिक आणि विधवांची वेगळी यादी केली होती, पण तिच्यातला राज्यांच्या नावांप्रमाणे केंटकीच्या आधीचा भाग जवळजवळ सगळा गेला, आयोवा त्यातच, त्यामुळे ती सापडत नाही म्हणून ते सैन्यात नव्हते असं समजू नका.

जमिनीवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक लोक हा भाग टाळतात आणि मला मिळालेली सगळ्यात पक्की उत्तरं इथलीच आहेत. आधी १८६० च्या सेन्ससमध्ये जमिनीच्या किमतीचा रकाना बघा. त्यात आकडा असेल तर जॉनची स्वतःची जमीन होती. लोक मला विचारतात होमस्टेड फाइल, म्हणजे वस्ती करणाऱ्याला सरकारने दिलेल्या जमिनीची फाइल, मिळेल का, तर होमस्टेड कायदा १८६२ चा, अमलात आला १ जानेवारी १८६३ पासून, आणि आयोवाच्या पूर्व भागातली बरीचशी सरकारी जमीन तोपर्यंत विकली गेली होती. त्यामुळे तिथे होमस्टेडची अपेक्षा ठेवू नका. पण सरकारकडून थेट घेतली असेल तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या साइटवर पेटंट, म्हणजे सरकारने दिलेला जमिनीच्या मालकीचा कागद, फुकट बघायला मिळतं, आणि पैसे भरून घेतलेल्या जुन्या पेटंटांवर घेणारा कुठला राहणारा ते लिहायची पद्धत होती, "अमुक काउंटी, ओहायो" असं. कोणाकडून विकत घेतली असेल तर मग काउंटीच्या डीड बुकात, म्हणजे जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदवहीत जा, खरेदीदार आणि विकणारा अशा दोन इंडेक्स असतात, दोन्ही बघा. ओहायोत असतानाच सौदा झाला असेल तर त्या डीडमध्येही त्यांची ओहायोची काउंटी येते. आणि विकणारा कोण हे बघाच, आपल्याकडे फेरफार वाचून कुटुंब कळतं तसंच आहे हे, एक डॉलरला किंवा अगदी कमी किमतीत जमीन दिली असेल तर देणारा परका नसतो, सासरा असतो नाहीतर भाऊ.

जमिनीची जागा टाउनशिप, रेंज आणि सेक्शन अशी लिहिलेली असेल. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतकोर १६० एकर. हे एकदा समजलं की कागदावर नकाशा काढून शेजारच्या सेक्शनमध्ये कोण होतं ते भरत जा. आयोवाचा अँड्रियासचा १८७५ चा अ‍ॅटलास ऑनलाइन आहे, त्यात काउंटीवार नकाशे आहेत, रस्ते, चर्च आणि गावं लक्षात यायला चांगला.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. जॉनचे वडील ओहायोत वारले आणि त्यांच्या नावावर जमीन होती असं धरा. मुलं चार राज्यांत पांगलेली. ती जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागणार. मग ओहायोच्या त्या काउंटीच्या डीड बुकात एक कागद होतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक अमुक मयत यांचे वारस, थोरला मुलगा आणि त्याची बायको इथले, मुलगी आणि जावई इंडियानाचे, आणि जॉन आणि त्याची बायको सीडर काउंटी, आयोवा. ताई, तुम्हाला हवाय तो हा कागद. बाप, मुलगा, सून आणि नवीन गाव एका वाक्यात. अडचण एवढीच की इंडेक्समध्ये तो पहिल्या वारसाच्या नावाखाली असतो आणि बाकीचे "वगैरे" मध्ये जातात, त्यामुळे जॉन म्हणून शोधलं की सापडत नाही. पूर्वी यासाठी पानं न पानं वाचायला लागायची. आता फॅमिलीसर्चवर फुल टेक्स्ट सर्च आलाय, २०२४ पासून, मशीन हस्ताक्षर वाचतं आणि आतल्या मजकुरात शोधता येतं. त्यात ओहायो निवडा, साल १८५५ ते १९०० घ्या, आणि आडनावासोबत "सीडर काउंटी" आणि "आयोवा" टाकून बघा. अर्थात स्पेलिंग इंग्रजीत आणि जितके प्रकार सुचतील तितके, कारण मशीनही चुकीचं वाचतं. जॉनच्या बायकोच्या माहेरच्या आडनावानेही तेच करा, तिचे वडील वारले तेव्हाही असाच कागद झाला असेल आणि त्यावर जॉनची सही असेल.

प्रोबेटही, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेच्या वाटणीचे कोर्टातले कागदही, बघा. ओहायोत १८५२ पासून प्रोबेट कोर्ट वेगळं झालं, त्याच्या आधीचे मृत्युपत्रांचे आणि वाटणीचे कागद कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये. वडील जॉनच्या लहानपणीच गेले असतील तर पालक नेमल्याचे कागद असतात, अज्ञान मुलांची नावं आणि वयं त्यात. १८५० ला सतरा वर्षांचा जॉन दुसऱ्याच कोणाच्या घरी राहत असेल तर ही शक्यता आधी तपासा.

आता ते तीन वडील. त्यांचं काय करायचं तर त्यांना खरं ठरवायला जाऊ नका, एकेकाला बाद करायचा प्रयत्न करा. प्रत्येक उमेदवाराचा मुलगा जॉन घ्या आणि त्याला पुढे चालवत न्या. १८६० ला तो ओहायोतच दुसऱ्या बायकोसोबत दिसतो का? बापाच्या मृत्युपत्रात १८६५ ला "माझा मयत मुलगा जॉन" असं लिहिलंय का? तो इंडियानात जाऊन तिथे पुरलाय का? यातलं एक जरी निघालं तरी तो बाद. तीनही बाद झाले तर वाईट वाटून घेऊ नका, चुकीचा पूर्वज नसणं हीसुद्धा प्रगतीच आहे. आणि एक राहिला तरी लगेच लिहून टाकू नका, चौथा असू शकतो ज्याचा वंशवृक्ष अजून कोणी टाकलेला नाही. जाता जाता, जुन्या कागदांत नावापुढे सीनियर, ज्युनियर दिसलं तर ते बाप-मुलगाच असतील असं नाही, एका गावातले एकाच नावाचे थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ असायचा पुष्कळदा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत आणि त्या इथे बसून कोणी सांगू शकणार नाही. जॉन दुसऱ्याची जमीन कसत असतील तर डीडचा रस्ता त्यांच्या बाजूने बंद, मग टॅक्सच्या याद्या, चर्च आणि वर्तमानपत्रं यांच्यावर भिस्त. ओहायोतल्या त्या काउंटीचं कोर्टहाउस कधी जळालं असेल तर तिथलं प्रोबेटही गेलं असेल. काउंट्यांच्या हद्दी बदलत राहिल्या, त्यामुळे त्या साली ते गाव कुठल्या काउंटीत होतं हे आधी बघायचं, शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने केलेला काउंट्यांच्या हद्दींचा अ‍ॅटलास यासाठी उत्तम आहे, फुकट आहे. आणि धर्म कुठला होता यावर फार काही ठरतं. ल्युथरन किंवा जर्मन रिफॉर्म्ड (हे प्रोटेस्टंट पंथ) असतील तर बाप्तिस्म्याच्या नोंदी, त्यात आई-बाप आणि साक्षीदार. सीडर काउंटीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी वस्ती होती, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर १८७४ मध्ये तिथल्या वेस्ट ब्रँचला अशाच क्वेकर घरात जन्मले. जॉन किंवा त्यांची बायको क्वेकर निघाली तर तुमचं नशीब जोरात, कारण क्वेकर कुटुंब गाव बदलताना जुन्या मीटिंगकडून (गावातल्या क्वेकर मंडळीकडून) नव्या मीटिंगला दाखला न्यायचं आणि दोन्हीकडे त्याची नोंद व्हायची. थडगं कुठल्या चर्चच्या दफनभूमीत आहे ते बघितलंत का? फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या साइटवरचा फोटो पुरेसा नाही, आजूबाजूच्या रांगेत कोण आहे तेही हवं.

तुम्ही नेपरव्हिलला राहता म्हणजे टिप्टन, सीडर काउंटीचं मुख्य गाव, गाडीने अडीच-तीन तास. जाच एकदा. पण जाण्याआधी ऑनलाइन जेवढं होतं तेवढं करून, फोन करून जा. गावच्या लायब्ररीत १८९१ आणि १९०८ ची स्थानिक साप्ताहिकं मायक्रोफिल्मवर मिळतात का विचारा. १८९१ ला चार ओळीच असतील कदाचित, पण १९०८ ला एखाद्या जुन्या सेटलर बाईवर लिहिताना "अमुक काउंटी, ओहायो इथे जन्म, अमुक साली लग्न, मग आयोवाला आले" एवढं लिहायची रीत होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकामध्ये काही पेपर फुकट आहेत ते आधी बघून घ्या. काउंटीचे १८७०-८० च्या दशकांतले इतिहासही चाळा, त्यात स्थानिक लोकांची छोटी चरित्रं असतात, माहिती त्या माणसाने स्वतः सांगितलेली. जॉन नसतील, पण एखाद्या शेजाऱ्याच्या चरित्रात "ओहायोतून मेहुण्यासोबत आले" असं निघतं. आणि कधी जमलं तर इंडियानात फोर्ट वेनला अ‍ॅलन काउंटी पब्लिक लायब्ररीचं जिनिऑलॉजी सेंटर आहे, सार्वजनिक लायब्ररींमधला देशातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक संग्रह, ओहायोच्या काउंट्यांवरचं साहित्य तिथे भरपूर.

शेवटी डीएनए, कारण तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची टेस्ट झालीय आणि काही उपयोग झाला नाही. टेस्ट सासूबाईंची करा, त्यांची इच्छा असेल तर. फरक किती पडतो बघा. जॉनच्या भावंडांचे आजचे वंशज सासूबाईंच्या पिढीत त्यांचे थर्ड कझिन (एकाच खापरपणजोबांचे वंशज) लागतात, आणि खऱ्या थर्ड कझिनशी डीएनए जुळण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. मिस्टरांच्या पिढीत तेच नातं फोर्थ कझिनचं होतं आणि शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. सासूबाईंना सख्खी-चुलत भावंडं असतील तर त्यांच्याही टेस्ट हव्यात, प्रत्येकात वेगळा तुकडा आलेला असतो. पण टेस्ट आधी करून मग बघू काय निघतं, असं नको. आधी कागदावर दोन-तीन उमेदवार ठेवा, मग सासूबाईंच्या मॅचमध्ये त्या घराण्यांचे, जॉनच्या भावंडांकडून आलेले वंशज आहेत का ते शोधा. एक मॅच पुरत नाही, वेगवेगळ्या भावंडांकडून आलेले तीन-चार हवेत, आणि ते आपल्याला दुसऱ्या कुठल्या बाजूने तर लागत नाहीत ना तेही तपासायला लागतं. आणि टेस्टमधून जवळच्या पिढीतलंही काही अनपेक्षित बाहेर येऊ शकतं, हे सासूबाईंना आधी मोकळेपणाने सांगा, मग त्या ठरवतील. त्यांच्याकडे बसून जुने फोटो मात्र लगेच बघा, मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं, ओहायोचं एखादं निघालं तर मला नक्की कळवा.

सुरुवात म्हणून १८६० च्या पानाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच पानं उतरवा, फक्त ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्यांची आडनावं, वयं आणि मुलांची जन्मराज्यं. ती यादी आणि १९२५ च्या सेन्ससमधून आलेलं बायकोचं माहेरचं आडनाव इथे टाकलंत तर ओहायोच्या कुठल्या काउंटीपासून सुरू करायचं हे मी बघून सांगते.